परत येण्याची हमी

परदेशप्रवासाच्या परवानगीच्या अर्जात नीतिशास्त्राने लक्ष घालावे असे काय आहे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. अर्ज भरावा, शुल्क भरावे, परवानगी मिळाली तर जावे, न मिळाली तर आपल्या घरी सुखाने राहावे. परंतु राहुरीसारख्या तालुक्याच्या गावातही युरोपला जाऊ इच्छिणारी कॅथलिक कुटुंबे आता विरळा राहिलेली नाहीत. कुणाची मुलगी जर्मनीत परिचारिका आहे, कुणाचा भाचा रोममध्ये धर्मगुरूपदाचे शिक्षण घेतो आहे, कुणाला लूर्द आणि फातिमा एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे. त्यात २०२५ चे ज्युबिली वर्ष आले. २४ डिसेंबर २०२४ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या महामंदिराचा पवित्र दरवाजा उघडला आणि ६ जानेवारी २०२६ रोजी परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांनी तो बंद केला. या मधल्या काळात आम्हांकडे पापनिवेदनाला आली त्याहून अधिक माणसे शिफारसपत्रासाठी आली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

या पत्रांच्या निमित्ताने जो प्रश्न आमच्यासमोर पुन्हा पुन्हा उभा राहिला, तो असा : ज्याच्या हाती आपल्याला दारातून परत पाठविण्याचे सामर्थ्य आहे, आणि जो आपल्याकडे पहिल्यापासूनच संशयाने पाहतो, त्याच्याशी सत्याने वागण्याचे आपल्यावर कितपत बंधन आहे?

प्रथम हे दार कसे आहे ते पाहू. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठच्या शेंगेन या लहानशा गावी पाच देशांनी एक करार केला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. आत गेलेला माणूस लिस्बनपासून वॉर्सापर्यंत सहसा कुणाला कागद न दाखविता जाऊ शकतो. आतल्या भिंती पाडल्या, त्यामुळे बाहेरची भिंत उंच करावी लागली. या भिंतीला दरवाजे दोन आहेत. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील अशा देशांच्या नागरिकांना अल्प मुदतीसाठी व्हिसा लागत नाही. त्यांच्यासाठी 'एटियास' नावाची नवी पूर्वपरवानगी २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू होणार असे जाहीर झाले आहे. घरबसल्या संगणकावर काही प्रश्नांची उत्तरे द्यायची, २० युरो भरायचे, की तीन वर्षांची सोय झाली. आपल्यासाठी तो दरवाजा नाही. आपण अर्ज संगणकावर भरला, तरी पुढे मुंबई-पुण्याच्या अर्जकेंद्रात जाऊन दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो शुल्क आहे आणि अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. किमान तीस हजार युरोंचा प्रवासी विमा लागतो, बँकेचे स्टेटमेंट लागते, नोकरीचे किंवा मालमत्तेचे पुरावे लागतात. एकाच घरातील अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मुलगा पहिल्या दाराने आणि राहुरीला राहणारे त्याचे आईवडील दुसऱ्या दाराने, असे दृश्य आता अनेक कुटुंबांच्या वाट्याला येणार आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पौलाला चाबकाचे फटके मारू निघालेला रोमन सरदार सांगतो की आपण मोठी रक्कम मोजून नागरिकत्व घेतले आहे. पौल उत्तरतो की आपण जन्मानेच रोमी आहोत. तेव्हापासून आजवर या बाबतीत फारसा फरक पडलेला दिसत नाही.

अर्जातील आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. प्रवासाच्या कारणासाठी पर्यटन, व्यापार, नातलगांची भेट, संस्कृती, क्रीडा, वैद्यकीय उपचार, शिक्षण असे पर्याय दिलेले आहेत. तीर्थयात्रा हा पर्याय नाही. ज्या खंडातील अर्ध्याअधिक जुन्या वाटा यात्रेकरूंच्या पायांनी घडल्या, त्या खंडात शिरताना यात्रेकरूला 'इतर' या सदरात बसावे लागते. हरेगावच्या मतमाउलीला पायी जाणाऱ्या आमच्या माणसांना हे ऐकून हसू येईल.

हा असमतोल आपल्या तालुक्याला विशेष बोचावा असा आहे. १९०३ साली 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू झाले ते याच राहुरी तालुक्यातील केंदळ येथे, आणि ते सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय होते. त्या पिढीचे धर्मगुरू जहाजाने मुंबईस येत, तेथून आगगाडीने आणि बैलगाडीने आमच्या खेड्यांत येत. 'तुम्ही परत जाल याचा पुरावा काय?' असे त्यांना कुणी विचारले नाही. उलट ते परत जाणार नाहीत हीच त्यांची थोरवी होती. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले आणि चित्र पालटले. अहमदनगर येथे जर्मन नागरिकांसाठी स्थानबद्धतेची छावणी उभी राहिली. जर्मन मिशनऱ्यांना हा देश सोडावा लागला. डोरिंग १९०७ पासून पुण्याचे महागुरुस्वामी होते. तेही जर्मन नागरिक म्हणून आपल्या धर्मप्रांताला दुरावले. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याला आले. ज्याला आज आपण पासपोर्ट म्हणतो ती सार्वत्रिक व्यवस्था याच युद्धाचे अपत्य होय. १९२० साली पॅरिस येथे भरलेल्या राष्ट्रसंघाच्या परिषदेने तिला ठरावीक रूप दिले. भयाच्या काळात तात्पुरते म्हणून बसविलेले कुलूप भय ओसरल्यावरही काढले गेले नाही.

हे सर्व सांगितल्यावर आमच्याकडे येणारी मंडळी म्हणतात, "मग फादर, त्यांनाच जर आमचा विश्वास नाही, तर आम्ही तरी खरे कशाला सांगावे?" हा युक्तिवाद प्रत्यक्षात कसा उतरतो ते पाहावे. कांदा आणि ऊस यांवर जगणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न हंगामी असते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आयकराची विवरणपत्रे नसतात. खात्यावर एका महिन्यात दोन लाख, दुसऱ्या महिन्यात चार हजार. एजंट सांगतो, मेहुण्याकडून पाच लाख आणा, तीन महिने खात्यावर ठेवा, व्हिसा मिळाला की परत करा. तो आणखी सांगतो की अमुक देशाकडे अर्ज केला तर नकार कमी मिळतो. मुक्काम इटलीत करायचा असला तरी कागदावर तो देश दाखवा. वास्तविक नियम असा आहे की जेथे मुख्य मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करावा. आणि शेवटी तो म्हणतो, तुमच्या फादरांकडून एक पत्र आणा, की तुम्ही दहा वर्षे धर्मग्रामाच्या समितीवर आहात.

यांतील प्रत्येक गोष्ट सारखी नाही. हॉटेलात खोली राखून ठेवली आणि पुढे बेत बदलला तर ती रद्द करता येते, यात खोटेपणा नाही. राखून ठेवताना जाण्याचा हेतू खरा असला म्हणजे झाले. मेहुण्याच्या पैशाचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. बँकेच्या कागदावरील आकडा त्या दिवशी खरा असतो. एकही अक्षर बनावट नसते. परंतु ते सर्व मिळून वाचणाऱ्याला जे सांगतात, की हे पैसे या माणसाचे आहेत, ते असत्य असते, आणि तसेच वाटावे म्हणून ते तेथे ठेवलेले असतात. शब्दाने जसे खोटे बोलता येते, तसे कृतीनेही बोलता येते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या व्याख्येत दोन्हींचा उल्लेख आहे.

त्या व्याख्येचा एक इतिहास आहे आणि तो आपल्या प्रश्नाशी थेट भिडतो. १९९२ च्या पहिल्या आवृत्तीत असत्य म्हणजे सत्य जाणण्याचा ज्याला हक्क आहे अशा व्यक्तीची दिशाभूल, असा आशय होता. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत हक्काविषयीचे शब्द गाळले गेले. म्हणजे समोरच्याला हक्क आहे की नाही हे ठरवून मग खरे बोलायचे, ही सवलत व्याख्येतून गेली. असे का केले असावे? आमच्या मते, कारण हा हक्क ठरविणारा न्यायाधीश प्रत्येक वेळी स्वतः अर्जदारच असतो.

संत ऑगस्टीन यांनी सुमारे ३९५ साली असत्याविषयी लिहिलेल्या ग्रंथात थागास्ते येथील फिर्मुस नावाच्या महागुरूंची हकिगत दिली आहे. त्यांनी एका माणसाला लपविले होते. सम्राटाचे शिपाई आले. फिर्मुस म्हणाले, आपण खोटे बोलू शकत नाही आणि त्या माणसाला धरूनही देऊ शकत नाही. त्यांचे हाल करण्यात आले, तरी ते बोलले नाहीत. पुढे सम्राटासमोर नेले असता त्यांच्या दृढतेने सम्राटच वरमला आणि त्या माणसाला क्षमा मिळाली. सत्य सांगणे आणि असत्य बोलणे यांच्या मध्ये मौनाची जागा आहे, हे ऑगस्टीन यांना दाखवावयाचे आहे. आमच्या अर्जदारांनाही ही जागा मोकळी आहे. जे विचारलेले नाही ते सांगण्याचे बंधन कुणावर नाही.

अब्राहामाचे उदाहरण याहून अवघड आहे, कारण ते नेमके सरहद्दीवरचे आहे. दुष्काळामुळे मिसर देशात शिरताना त्याने आपल्या पत्नीला बहीण म्हणून सांगितले, कारण पत्नी म्हटले तर आपला जीव जाईल असे त्याला भय होते. ती सावत्र बहीणही होती, म्हणून त्याने सत्य केवळ झाकले, असा बचाव ऑगस्टीन यांनी नंतरच्या ग्रंथात केला आहे. महान संताविषयी पूर्ण आदर ठेवूनही आम्हांस हा बचाव थोडा वकिली वाटतो. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात पुढे काय झाले ते वाचावे. किंमत अब्राहामाने मोजली नाही. सारायला फारोच्या वाड्यात जावे लागले, फारोच्या घराण्यावर पीडा आल्या, आणि अब्राहाम मात्र मेंढरे, बैल, उंट घेऊन बाहेर पडला. "आमच्या एका खोट्याने कुणाचे काय बिघडते?" या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. खोट्या कागदाने गेलेला माणूस मुदतीनंतर तेथेच राहिला, तर पुढच्या वर्षी त्याच तालुक्यातून अर्ज करणाऱ्या विधवेच्या अर्जाकडे अधिकारी अधिक संशयाने पाहतो. तिला कधीच कळत नाही की आपण कुणाचे देणे फेडले.

येथे कुणी म्हणेल, आणि रास्तपणे म्हणेल, की १९४४ साली बुडापेस्टमध्ये परमगुरूंचे राजदूत आंजेलो रोत्ता यांनी ज्यू लोकांना हजारो संरक्षणपत्रे दिली, युरोपात अनेक धर्मगुरूंनी बाप्तिस्मा न झालेल्यांना बाप्तिस्म्याचे दाखले दिले. ते पाप होते काय? आमचा हात तसे लिहिण्यास धजत नाही. दाराशी मारेकरी उभा असताना नीतिशास्त्राचे ग्रंथ शांतपणे चाळता येत नाहीत. परंतु लूर्दला जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या माणसाच्या दाराशी मारेकरी नाही. वकिलातीतील अधिकारी हा फारो नव्हे. सधन राष्ट्रांनी शक्य तितके परक्यांना स्वीकारावे असे ख्रिस्तसभा शिकविते; त्याच परिच्छेदात सार्वजनिक हितासाठी राज्यसत्ता अटी घालू शकते आणि येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, असेही ती शिकविते. आपले भारत सरकारही परदेशी पाहुण्याला विचारतेच की! धर्मकार्यासाठी येणाऱ्या परदेशी मिशनऱ्याला येथे वेगळा व्हिसा लागतो, आणि तो सहज मिळत नाही.

तरीही त्या दाराची एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. नकाराच्या छापील नमुन्यात एक कारण असे असते की अर्जदार मुदतीपूर्वी परत जाईल याविषयी रास्त शंका आहे. माणसाच्या हेतूविषयी ही शंका त्याच्या मालमत्तेवरून घेतली जाते. ज्याच्यामागे बंगला आहे तो परतेल. ज्याच्यामागे केवळ म्हातारी आई आणि दीड एकर जिराईत आहे त्याचा भरवसा नाही. आईच्या ओढीचा दाखला तलाठी देत नाही. गरिबाचा शब्द तारणाशिवाय चालत नाही, हा अन्याय आहे, आणि तो केवळ युरोपचा नाही. दर हिवाळ्यात ऊसतोडीची कुटुंबे आमच्या परिसरात कोप्या बांधून राहतात. दुकानदार त्यांना उधार देताना काय विचारतो, आणि गावात चोरी झाली की प्रथम कुणाच्या कोपीकडे बोट दाखविले जाते, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांचे बँक स्टेटमेंट आपण मागत नाही इतकेच.

राहिले शिफारसपत्र. त्यात आम्ही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे तेच लिहितो : नाव, तारीख, आईवडील, आणि कुटुंब या धर्मग्रामाचे किती वर्षांपासून आहे ते. समितीवर नसलेल्याला समितीवर बसवीत नाही. यामुळे दोन कुटुंबे आमच्यावर काही महिने नाराज होती. तिसऱ्या एका कुटुंबाने मेहुण्याचे पैसे परत केले, सातबाऱ्याचे आणि कारखान्याच्या ऊस-बिलांचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घेतले, आणि उत्पन्न हंगामी का दिसते हे एका पानात साध्या शब्दांत लिहून अर्जाला जोडले. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'इतर' निवडून पुढे 'तीर्थयात्रा' असे लिहिले. ठसे देऊन ते पुण्याहून परतले आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही.