ताहाराबादचे कुलकर्णी आणि धर्माचा अभ्यास

धर्माच्या विद्यापीठीय अभ्यासाचा इतिहास बहुधा मॅक्स म्युलरपासून सांगतात. १८७० साली लंडनला त्यांनी धर्माच्या विज्ञानावर व्याख्याने दिली आणि पुढे 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' ही पन्नास खंडांची माला संपादित केली. तिच्यातला गीतेचा अनुवाद १८८२ साली आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण या कथेतून नकळत एक समजूत रुजते: धर्म आपल्याकडचा, त्याचा अभ्यास मात्र बाहेरचा. ही समजूत तपासायला नगर जिल्ह्याइतकी (आता अहिल्यानगर) सोयीची जागा दुसरी नाही.

राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला अठराव्या शतकात महिपती नावाचे कुलकर्णी होते. पूजेला बसले असताना जहागीरदाराच्या शिपायाने त्यांना कचेरीत बोलावले, आणि त्या दिवशी त्यांनी ठरवले की यापुढे लेखणी चालेल ती संतांसाठीच, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, दप्तर राखणाऱ्या माणसाच्या सवयी काही सुटल्या नाहीत. १७६२ साली पूर्ण झालेल्या 'भक्तविजया'त ते बजावतात की हे आपण मनाने रचलेले नाही. उत्तरेत नाभाजींनी आणि इकडे उद्धवचिद्घनांनी लिहून ठेवलेले आपण एकत्र केले. चमत्कार त्यांनी गाळले नाहीत, शंका घेतल्या नाहीत. त्यांना आजच्या अर्थाने इतिहासकार म्हणणे हा भाबडेपणा होईल. पण विखुरलेल्या परंपरा गोळा करायच्या, कोणाकडून काय घेतले ते सांगायचे आणि जातीपंथाबाहेरच्यांनाही एकाच ग्रंथात बसवायचे, हे काम त्यांनी म्युलरच्या शंभर वर्षे आधी केले. नंतरच्या अभ्यासकांनी जिथून सुरुवात केली ती सामग्री त्यांचीच आहे.

१८३१ साली नगरला अमेरिकन मराठी मिशन आले. आले ते धर्मांतर करायला. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. १८४२ साली नगरहूनच सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'त हिंदू धर्मावर जी टीका येई, तिला अभ्यास म्हणता येणार नाही. पण खेड्यापाड्यांत रोज बोलत राहिल्यावर सांगणाऱ्यालाही ऐकावे लागते. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे नगरला जवळजवळ अर्धे शतक राहिलेले पाद्री. येशूचे नावही न ऐकता जे वाडवडील मेले त्यांचे काय, हा प्रश्न इकडे टाळण्यासारखा नव्हता. मेल्यावरही देव त्यांना संधी देत असेल, ही कल्पना त्यांनी १८८६ साली अमेरिकेत बोलून दाखवली, तर मिशन बोर्डाने त्यांना परत पाठवायलाच नकार दिला. मोठा वाद झाला आणि वर्षभराने ते नगरला परतले. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेत, जिथे विवेकानंद गाजले, तिथेच ह्यूमही हिंदू आणि ख्रिस्ती विचारांतले साम्य-भेद मांडत होते. शिकवायला निघालेल्या माणसाच्या स्वतःच्या मतांना तडा जाणे, ही माझ्या मते या अभ्यासशाखेची खरी सुरुवात आहे.

याच मिशनातले जस्टिन ॲबट. त्यांचे वडील अमोस नगरच्या मिशनमध्ये होते. ॲबट यांनी मुंबईत १८८१ ते १९१० असे काम केले, मग अमेरिकेत जाऊन सत्तरी ओलांडल्यावर मराठी संतांच्या इंग्रजी अनुवादांची माला काढली. १९२६ ला भानुदास, पाठोपाठ एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. १९३२ साली ते वारले. 'भक्तविजया'चा अनुवाद त्यानंतर प्रसिद्ध झाला. पंडित नरहर गोडबोले हे त्यांचे सहकारी. पाश्चात्त्य विद्यापीठांत महिपती वाचले जातात ते बव्हंशी या जोडीमुळे. ॲबट यांच्या हेतूबद्दल शंका घेणारे आहेत, घ्यावी. पण हेतू तपासून झाला की काम वाचावे. आपण पहिल्या पायरीवरच थांबतो.

खरा आक्षेप वेगळाच आहे. या मंडळींना धर्म दिसला तो पोथीत. जो लिहिला गेला नाही, तो त्यांच्या नजरेतून निसटला. याच जिल्ह्यातल्या मढीला रंगपंचमीच्या सुमारास कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. भटके समाज लांबून येतात, सौदे होतात, नवस फिटतात, पंचायती बसत. तिथला धर्म कोणत्या ग्रंथात शोधणार? पुढे गुंथर सोन्थायमर हे अभ्यासक धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बिरोबा-खंडोबाच्या ओव्या ध्वनिमुद्रित करू लागले, ॲन फेल्डहाउस नद्या आणि क्षेत्रे पायाखाली घालू लागल्या, तेव्हा हा दोष थोडा निघाला. आणि रा. चिं. ढेरे यांनी विद्यापीठातल्या पदाचा आधार नसताना हे सगळे मराठीत करून दाखवले. पण एकट्या माणसाच्या चिकाटीला संस्था म्हणत नाहीत.

संस्था नसली की काय होते, याचा दाखला शिर्डीत आहे. साईबाबा १९१८ साली गेले. त्यांचे भक्त दाभोलकर यांनी ओवीबद्ध सच्चरित लिहिले. १९३६ साली नरसिंहस्वामींनी बाबांना पाहिलेल्या माणसांना भेटून त्यांचे अनुभव टिपून घेतले. हे उत्तम काम, जरी भक्तीपोटी केलेले. पण बाबांचा जवळचा सेवेकरी अब्दुल याची उर्दूतली हस्तलिखित वही राहिली ती राहिलीच. तिच्यात सूफी परंपरेतली सामग्री होती. तिचा इंग्रजी अनुवाद वाचकांपुढे आला तो १९९९ साली, मरियान वॉरेन यांच्या पुस्तकातून. म्हणजे बाबांच्या पश्चात ऐंशी वर्षांनी. बाबा हिंदू की मुसलमान यावर भांडायला आपल्याला सवड होती. वही वाचायला नव्हती.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचेही तेच. 'योगसंग्राम' लिहिणारा हा सतराव्या शतकातला सूफी वारकऱ्यांनी आपला मानला, महिपतींनी संतमंडळीत बसवला. आज त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावर जोर आहे; ग्रंथ उघडणारे थोडे.

याचे एक कारण राज्यघटनेच्या कलम २८ चे आपण लावलेले सोयीचे वाचन. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, हे ठीक. पण धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतला फरक कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितला होता, आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. तरी या विषयाचे स्वतंत्र विभाग देशात बोटांवर मोजण्याइतके. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाला जमले, आपल्याला का नाही? विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला जाऊन तौलनिक धर्मशास्त्र शिकून आले आणि त्या शिदोरीवर अस्पृश्यतानिवारणाचे काम उभे केले. म्हणजे हा विषय निरुपयोगी आहे असेही म्हणता येत नाही. पुरोगाम्यांना त्यात धर्माचे उदात्तीकरण दिसते, भाविकांना भावना दुखावण्याची भीती वाटते. दोघांचे एकमत होते ते इतकेच, की अभ्यास नको.

राहुरीत १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. उसाच्या, ज्वारीच्या वाणावर तिथे प्रबंध होतात, व्हायलाच हवेत. त्याच तालुक्यातल्या महिपतींवर नेमके काम करायचे तर मुलाला परदेशी विद्यापीठातली शिष्यवृत्ती शोधावी लागते. शिर्डीसारख्या देवस्थानाला एक अभ्यासपीठ सहज परवडेल. जिल्ह्यातल्या मठांत, घरांत, दर्ग्यांत पडलेली बाडे आधी मोजावीत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मोडी, फारसी, उर्दू वाचणारी दहा मुले पगार देऊन तयार करावीत. कसर लागायला कोणाच्या श्रद्धेची परवानगी लागत नाही.