थांबायला किती लागतं?

दादरच्या एका परिसंवादात आमचे एक स्तंभलेखक मित्र म्हणाले, ‘सुरक्षिततेचा हिशेब मांडत बसणं ही मराठी माणसाची दरिद्री खोड आहे.’ निमित्त त्यांच्या जावईबापूंच्या नव्या पोर्शेचं. तिला कार्बन सिरॅमिक ब्रेक घेतले, म्हणून कुणीतरी नाक मुरडलं होतं. मित्रांनी त्यावरून थेट संस्कृतीवर उडी घेतली. ब्रेक उत्तम असतात म्हणूनच गाडी वेगात जाते, समाजाचंही तसंच, वगैरे. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी नेमका चहा आला आणि माझं उत्तर घशातच राहिलं. ते या दिवाळी अंकात वसूल करतो.

मी शिवडीत राहतो. आमच्या गच्चीवरून अटल सेतूचा चढ दिसतो. 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्‍घाटन झालं आणि खाडीच्या चिखलातले फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांच्या दुर्बिणी अधूनमधून मोटारींकडेही वळू लागल्या. पूल 21.8 किलोमीटरचा. मोटारींना ताशी 100 ची मर्यादा, चढ-उताराच्या रॅम्पवर 40 ची. दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव. शंभरच्या वेगानं तो तेरा मिनिटांत संपतो, एकशेचाळीसनं साधारण सव्वानऊ मिनिटांत. वाचलेली पावणेचार मिनिटं पुढच्या पहिल्या सिग्नलला परत करावी लागतात.

आता वस्तू काय आहे ते पाहू. साध्या गाडीची ब्रेक डिस्क बिडाची असते. कार्बन सिरॅमिक डिस्क म्हणजे कार्बनच्या तंतूंचा साचा, त्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवून केलेलं सिलिकॉन कार्बाइड. वजन बिडाच्या निम्म्याच्या आसपास, उष्णता सोसण्याची ताकद कितीतरी जास्त, चाकांवर काळी धूळ जवळजवळ नाही. पोर्शेनं 2001 च्या सुमारास हे ब्रेक रस्त्यावरच्या गाडीला दिले आणि त्यांचे डिस्क चिमटीत धरणारे कॅलिपर पिवळे रंगवले. किंमत? अमेरिकेत आठ-दहा हजार डॉलर. आपल्याकडे तेवढ्यात एक बरी हॅचबॅक दारात उभी राहते.

मित्रांनी मांडू नका म्हटलेला हिशेब मी मांडला. दीड टनाची मोटार ताशी 100 वरून थांबवायची, तर सुमारे पाच लाख ऐंशी हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते. आकडा दचकवणारा आहे, पण तेवढ्या उष्णतेत तीस अंशांचं दोन लिटर पाणी जेमतेम उकळीला येतं. आमच्या नाक्यावरच्या चहावाल्याचं एक पातेलं! चार बिडाच्या डिस्क मिळून चाळीस किलो धरल्या, तर एका थांबण्यानं त्या सरासरी तीसेक अंशांनी तापतात. बीड याला हसतं. आणि गाडी किती मीटरवर थांबणार, हे ठरवतो टायर. रस्त्याला टेकलेला, चाकामागे तळहाताएवढा रबर. चांगले साधे ब्रेकही त्या रबराची पकड संपेपर्यंत जोर लावू शकतात. त्यापुढे डिस्क सोन्याची केली तरी गाडी एक वीतही आधी थांबत नाही.

इथवर मी खुशीत होतो. अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेननं 1899 मध्येच श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर जे लिहून ठेवलं, ते पिवळ्या कॅलिपरला चिकटवायचं आणि लेख संपवायचा, असा बेत होता. पण हा आळशी विजय आहे. मघाचा हिशेब एकदा थांबण्याचा होता. शर्यतीच्या ट्रॅकवर दर मिनिटाला दोन-तीनदा, दोनशेच्या वेगावरून करकचून ब्रेक मारावा लागतो. वेग दुप्पट तर उष्णता चौपट, म्हणजे पूर्ण थांबायचं तर दर खेपेला आठ लिटरचं पातेलं, आणि मध्ये निवायला वेळ नाही. तिथे ही डिस्क दिखावा नव्हे, अवजार आहे. गंमत म्हणजे ट्रॅकवर नित्य जाणारे बरेच हौशी लोक या डिस्क काढून बिडाच्या बसवतात, कारण फार तापल्या की कार्बन जळत जातो आणि बदलायचा खर्च पाहून माणूस जळतो. शिवाय डिस्क ब्रेकही एकेकाळी चैनच होते. जग्वारनं 1953 ची ल मांची शर्यत त्यांच्या जोरावर जिंकली आणि आज ते आमच्या शेजारच्या पोराच्या मोटरसायकलला आहेत. तेव्हा महाग ब्रेक म्हणजे माज, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. मित्रांनी नोंद घ्यावी, असा प्रसंग पुन्हा येणार नाही.

पण त्यांचं ते टाळ्यांचं वाक्य मी सोडणार नाही. ब्रेक आहेत म्हणून गाडी वेगात जाते, ही उपमा अर्थशास्त्रज्ञ शुंपेटरची. 1942 च्या ‘कॅपिटॅलिझम, सोशॅलिझम अँड डेमॉक्रसी’ या ग्रंथात तो ती मक्तेदारीच्या बचावासाठी वापरतो. पेटंट, दीर्घ मुदतीचे करार, किमती धरून ठेवणं हे सगळे ब्रेकच. पण ते आहेत म्हणून उद्योजक वादळात गाडी घालायला धजावतो, असा त्याचा युक्तिवाद. युक्तिवाद जबरदस्त आहे. मात्र त्यात रस्ता कुणाचा, हा प्रश्नच नाही. शुंपेटरच्या रस्त्यावर एकच गाडी धावते.

दुसरी गाडी रस्त्यावर आणली जेराल्ड वाइल्ड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं. माझा हा आवडता भांडखोर. त्याचं म्हणणं असं की प्रत्येकाच्या मनात धोक्याची एक ठरलेली पातळी असते. गाडी सुरक्षित केली की माणूस ती सुरक्षितता वेगात मोडून खातो आणि धोका होता तिथेच येतो. पुरावा म्हणून तो म्युनिकच्या टॅक्स्या पुढे करतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका ताफ्यातल्या काही टॅक्स्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दिलं, बाकीच्यांना नाही. चालकांना आपल्या गाडीत काय आहे ते ठाऊक होतं. एबीएसवाल्यांचे अपघात म्हणावे तसे कमी झाले नाहीत, उलट ते वळणं जोरात घेऊ लागले आणि पुढच्या गाडीला जास्त चिकटू लागले. म्हणजे शुंपेटरचंच वाक्य, फक्त एकानं ते शाबासकी म्हणून म्हटलं आणि दुसऱ्यानं सावध करायला. आमच्या मित्रांनी अर्धंच वाचलं.

पण वाइल्डचंही सगळं पटत नाही. तो पूर्ण खरा असता तर सीटबेल्टनं कुणी वाचलंच नसतं, आणि बेल्टनं माणसं वाचतात हे उघड आहे. मग फरक कुठे? मला वाटतं, जाणवण्यात. बेल्ट लावला की पाच मिनिटांत विसरतो. तो कामाला येतो एकदाच, तोही आपल्याला न विचारता. ब्रेक मात्र दिवसातून शंभरदा पायाला जाणवतो. जी सुरक्षितता जाणवते, ती आपण खर्चून टाकतो. जी जाणवत नाही, ती शिल्लक राहते. या कसोटीवर कार्बन सिरॅमिक ब्रेक फार वाईट ठरतात. ते पायाला जाणवतात, पिवळ्या रंगात डोळ्यांना दिसतात आणि बिलात तर कायमचे लक्षात राहतात. एवढे पैसे मोजलेला माणूस ते वापरून पाहणार नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवणार?

आणि वसुलीचा वाटा सारखा पडत नाही. वेग गाडीतल्याला मिळतो, धोका पुढच्या दुचाकीवाल्याकडे जातो. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी चालवणारा अल्पवयीन होता. जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर महाराष्ट्र पेटला. मला मात्र दुसराच आकडा टोचत राहिला. त्या गाडीची नोंदणी अडली होती 1,758 रुपयांचं शुल्क भरलं नाही म्हणून. तिथे ब्रेक बिडाचे की सिरॅमिकचे, हे विचारणं म्हणजे घर पेटल्यावर पडद्यांचं कापड तपासणं.

आपल्याकडे थांबण्याचा खरा विचार केला तो रेल्वेनं. 1863 मध्ये बोरघाट खुला झाला. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक लागणार नाही, असं धरूनच तिथल्या ठाकूरवाडी, मंकी हिलसारख्या ठिकाणी कॅच सायडिंग घातल्या. सांधा मुळात लागलेला असतो चढावर जाणाऱ्या त्या आंधळ्या फाट्याला. गाडी आधी ताब्यात आहे असं दाखवायचं, मग मुख्य मार्ग. ड्रायव्हरच्या हुशारीवर किंवा मालकाच्या ऐपतीवर भरवसा नाही. तसंच एबीएसचं. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं झालं ते कायद्यानं. श्रीमंतांकडून ते झिरपेल म्हणून थांबलो असतो, तर अजून थांबलेलोच असतो.

उलट बाजूही पाहा. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एक ट्रक गाड्यांच्या अख्ख्या रांगेत घुसला. पोलिसांनी सांगितलं, डिझेल वाचवायला चालकानं इंजिन बंद करून न्यूट्रल मारला होता. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन झोपलं की टाकीतली हवा संपेपर्यंतच ब्रेक. जावईबापूंची डिस्क कितीही थंड राहो, त्यांच्या मागून हा ट्रक येत असतो. रस्त्याची सुरक्षितता तिथल्या सगळ्यात वाईट ब्रेकवर ठरते.

हे सगळं जुळवून झाल्यावर, लेखाला अस्सल तपशील हवा म्हणून मी शिवडीतल्याच एका गॅरेजात गेलो. गॅरेजवाल्यानं टँकरचा ब्रेक ड्रम उघडून ठेवला होता. लायनर घासून रिव्हेटवर आलेलं, ड्रमच्या आत रिव्हेटनं गोल चरे पाडलेले. ‘हे अजून दोन खेपा मारणार म्हणत होते,’ तो म्हणाला. मग त्यानं माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘काका, हा तर काळा चहा झालाय. कधी बदललंत?’

आठवेना. तीन वर्षं तरी झाली असतील. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईत ओलाव्याला काय तोटा! डॉट 4 चं नवं ऑईल 230 अंशांच्या आत उकळायचं नाही, असं मानक आहे. पाणी मुरलं की हीच हद्द 155 वर येते. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय नुसता खाली जातो. तेव्हा डिस्क कशाची आहे यानं काही फरक पडत नाही.

तर निकाल असा. ट्रॅकवर जात असाल तर कार्बन सिरॅमिक जरूर घ्या, आणि बदलायचे पैसेही बाजूला ठेवा. अटल सेतूसाठी, घाटासाठी, रस्त्यासाठी नकोत. त्याऐवजी टायर बघा, घाटात खालच्या गिअरला या, ट्रक असेल तर लायनर वेळेवर बदला आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल. माझं मी त्याच दिवशी बदलून घेतलं. हवा काढण्याच्या मजुरीसकट हजाराच्या आत झालं. मित्रांनीही जावईबापूंना एकदा विचारावं.