दाद देणे, दाद मागणे : परिघावरील कला आणि परीक्षकाचा प्रश्न

मराठीत 'दाद देणे' आणि 'दाद मागणे' हे दोन वाक्प्रचार एकाच शब्दापासून सिद्ध झाले आहेत. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ न्याय असा आहे. रसिक दाद देतो तेव्हा तो आस्वादाच्या क्षेत्रात वावरत असतो. अन्यायग्रस्त दाद मागतो तेव्हा तो न्यायाच्या दारात उभा असतो. भाषेने या दोन क्रिया एका शब्दात बांधल्या असल्या, तरी व्यवहाराने त्यांची फारकत केलेली दिसते. ज्या समाजगटांना न्याय मिळालेला नाही त्यांच्या कलेला मोठ्या प्रमाणावर दाद मिळू लागते तेव्हा या फारकतीचा प्रश्न नैतिक पातळीवर उभा राहतो. दिलेल्या दादीने मागितलेली दाद पुरी होते काय? की दिलेली दाद हाच मागितलेली दाद टाळण्याचा एक सभ्य मार्ग ठरतो?

या प्रश्नाचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील बॉलरूम संस्कृतीचे आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय व लॅटिनो समाजांतील समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींनी ती घडवली. 'बॉल' म्हणजे नृत्य, वेषभूषा, चाल आणि देखणेपणा यांच्या निरनिराळ्या वर्गांत रात्रभर चालणारी स्पर्धा. तिच्या जन्मकथेतील एक तपशील येथे निर्णायक महत्त्वाचा आहे. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या स्त्रीवेषधारी पुरुषांच्या सौंदर्यस्पर्धेत क्रिस्टल लाबेजा या कृष्णवर्णीय स्पर्धकाने परीक्षकांच्या निर्णयावर पक्षपाताचा उघड आरोप केला. 'द क्वीन' या १९६८ च्या अनुबोधपटात तो प्रसंग नोंदला गेला आहे. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी लाबेजा यांच्या नावाचे पहिले 'हाउस' स्थापन झाले. म्हणजे या संस्कृतीचा एक महत्त्वाचा उगम परीक्षकावरील अविश्वासात आहे. स्पर्धा तिला वर्ज्य नव्हती. आपले परीक्षक आपल्यातले असावेत एवढाच तिचा आग्रह होता.

'हाउस' या शब्दासाठी मराठीत 'घराणे' हा शब्द अधिक जवळचा आहे. घराण्यात आई असते, वडील असतात, आणि रक्ताच्या घराने बाहेर काढलेली मुले घराण्याचे नाव आडनाव म्हणून लावतात. या घराण्यांच्या स्पर्धांत 'रिअलनेस' नावाचा एक निकष आहे. साहेबी पोशाखातला अधिकारी, सैनिक, शाळकरी मुलगा किंवा सर्वसामान्य स्त्री यांचे रूप असे वठवायचे की भर रस्त्यात कोणाला शंका येऊ नये. वरवर पाहता हे सोंग आहे. परंतु त्याला जिवाच्या भीतीची बाजू आहे. रस्त्यावर ओळखले जाणे म्हणजे मार खाणे, प्रसंगी मृत्यू. जेनी लिव्हिंग्स्टन यांच्या 'पॅरिस इज बर्निंग' (१९९०) या अनुबोधपटातील व्हीनस एक्स्ट्राव्हगान्झा या तरुण पारलिंगी स्त्रीचा चित्रीकरणाच्या काळातच, १९८८ मध्ये, खून झाला. या निकषाचे मोल जाणणारा परीक्षक तोच, ज्याने ती भीती स्वतः अनुभवली आहे.

'पॅरिस इज बर्निंग'ने सुरू केलेली वाटचाल मॅडोनाच्या १९९० च्या 'व्होग' या गीतातून, 'पोझ' (२०१८–२०२१) या मालिकेतून आणि 'लेजेंडरी' (२०२०–२०२२) या स्पर्धेतून पुढे गेली. बेल हुक्स आणि जुडिथ बटलर या दोघींनी त्या अनुबोधपटाची केलेली चिकित्सा सुपरिचित आहे. एका समाजाचा विधी गोऱ्या प्रेक्षकासाठी देखावा बनतो, हा हुक्स यांचा आक्षेप होता. स्त्रीत्वाची नक्कल प्रस्थापित लिंगव्यवस्थेला हादरा देते आणि त्याच वेळी तिचे आदर्शही पुन्हा घडवते, ही द्विधा बटलर यांनी १९९३ मध्ये मांडली. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेने या चर्चेत एक नवा घटक आणला. 'लेजेंडरी'मध्ये घराणी एक लाख डॉलरच्या पारितोषिकासाठी लढली. परीक्षकांत लेओमी माल्डोनाडो ही बॉलरूममधूनच पुढे आलेली नर्तकी होती, ही जमेची बाजू. पण त्याच मंडळात बॉलरूमबाहेरच्या एका अभिनेत्रीचे नाव जाहीर होताच २०२० च्या आरंभी वाद उसळला. तो वाद व्यक्तीपुरता नव्हता. अर्धशतकापूर्वी लाबेजा यांनी विचारलेलाच प्रश्न त्यातून पुन्हा पुढे आला होता. त्याहून सूक्ष्म बदल प्रेक्षकाच्या बाजूने घडला. ज्या बाहेरच्या समाजाच्या नजरेपासून वाचण्यासाठी 'रिअलनेस' साधावा लागला, तोच समाज आता घरबसल्या त्या 'रिअलनेस'चे गुण मोजू लागला. ज्याच्या भयापोटी कला जन्माला आली, तो तिचा रसिक झाला. परंतु भयाचा हिशेब मात्र चुकता झाला नाही.

मराठी वाचकाला हा अनुभव सर्वस्वी परका नाही. उलट, पुरुषाने स्त्रीचे रूप घेणे हे मराठी लोकपरंपरेत कधीच दडवून ठेवलेले नव्हते. भारुडातील सोंगे, गवळणीतील मावशी, तमाशाचा नाच्या, यल्लम्माचा जोगता, स्त्रीवस्त्रे ल्यालेला पोतराज ही रूपे माजलगावसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावाने जत्रेत आणि बाजारात उघड पाहिली आहेत. परिघावरचे लोक प्रथम दिसू लागले, मग स्वीकारले गेले, अशी जी सरळ रेषा महानगरी विवेचनात गृहीत धरली जाते ती येथे लागू पडत नाही. येथे दिसणे जुनेच आहे. दिसूनही माणूस पंक्तीत का बसला नाही, हा येथला प्रश्न आहे.

स्पर्धाही येथे नवी नाही. कलगी-तुऱ्याच्या परंपरेत कलगीवाले शक्तीचा आणि तुरेवाले शिवाचा पक्ष घेऊन रात्र रात्र झगडत. स्त्रीतत्त्व श्रेष्ठ की पुरुषतत्त्व, हा वाद सवाल-जवाबातून रंगे आणि शाहिरी जाणणाऱ्या श्रोत्यांसमोर त्याचा निवाडा होई. फड हा एका अर्थी घराण्यासारखाच आहे. त्यात गुरू असतो, परंपरेचे नाव असते, एकत्र चूल असते. मात्र फडाला पैसा देणारा प्रेक्षक फडाचा नसतो. तो दौलतजादा करतो. दौलतजादेत प्रशंसा आणि हिणवणूक एकाच हालचालीने व्यक्त होतात. नोट पुढे करणारा हात कलेची कदर करतो आणि कलावंताला आपल्यापर्यंत चालत यायलाही लावतो. शिवाय तो रोखीने मोकळा होतो. सकाळी त्या कलावंताशी त्याचे काही देणे उरत नाही.

हा व्यवहार सर्वांना सारखा लागू झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७), यांनी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. कुलीन स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे अनुकरण केले, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६८ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. मराठी चित्रपटात नाच्याच्या भूमिका गाजवणाऱ्या गणपत पाटील (मृत्यू २००८) यांच्या वाट्याला लोकप्रियता आली; पण पडद्यावरच्या हावभावांची संशयित सावली त्यांच्या संसारावरही पडली. कृती एकच, पुरुषाने स्त्री होण्याची, निवाडे दोन. जात, रंगभूमीची प्रतिष्ठा आणि प्रेक्षकवर्ग यांनी ते ठरवले. बालगंधर्वांचे स्त्रीरूप अभिजात अभिनय मानले गेले, नाच्याचे रूप मात्र त्याचा स्वभाव मानले गेले. अभिजनांच्या बाबतीत कला आणि व्यक्ती यांत अंतर राखायचे आणि बहुजनांच्या बाबतीत ते पुसून टाकायचे, हा मराठी अभिरुचीचा अलिखित नियम येथे उघडा पडतो. आनंद यादव यांच्या 'नटरंग' कादंबरीतील गुणाची शोकांतिका याच नियमातून घडते. पैलवानी देहाच्या गुणाला फडासाठी नाच्या व्हावे लागते. त्याने उसने घेतलेले रूप समाज त्याचा देह समजून शिक्षा करतो. २०१० मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटामुळे ही कथा घराघरांत पोहोचली. गुणासाठी हळहळणारा प्रेक्षक गावच्या नाच्याशी कसा वागतो, हे विचारण्याची सोय मात्र चित्रपटगृहात नसते.

दूरचित्रवाणीने हाच व्यवहार नव्या रूपात पुढे नेला. 'ढोलकीच्या तालावर'सारख्या स्पर्धांनी लावणी फडाच्या तंबूतून दिवाणखान्यात आणली. २०१९–२०२० मध्ये झी युवा वाहिनीवरील 'युवा डान्सिंग क्वीन' या स्पर्धेत गंगा ही पारलिंगी कलावंत उतरली आणि पुढे 'कारभारी लयभारी' या मालिकेत तिने भूमिका केली. या घटनेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. आपल्यासारखे दुसरे कोणी या जगात आहे हे ज्याला ठाऊक नाही, अशा आडगावच्या पोरासाठी पडद्यावरचा एक चेहरा जगण्याचा आधार ठरू शकतो. कलावंताच्या हाती मानधन येते, घरातली जुनी माणसे अवघडून का होईना त्या चेहऱ्याची सवय करून घेतात. दूरचित्रवाणी केवळ शोषण करते असे म्हणणारा सिद्धान्त या लाभांकडे पाठ फिरवतो आणि स्पर्धेत उतरलेल्या कलावंताच्या निर्णयशक्तीचाही अवमान करतो.

तरीही गुण देण्याच्या कृतीचे स्वरूप तपासावे लागते. गुण म्हणजे रोख नसलेली दौलतजादा. परीक्षकाच्या डोळ्यांतले पाणी, प्रेक्षकांचे उभे राहणे, संघर्षकथेची दोन मिनिटांची चित्रफीत यांतून प्रेक्षकाला उदारपणाचे समाधान लाभते आणि तो मोकळा होतो. शिवाय स्पर्धेला विजेता लागतो, आणि सहिष्णुतेचे माप त्या एका विजेत्यावरून घेतले जाते. असामान्य असेल त्यालाच सामान्य हक्क मिळतील, अशी एक अट त्यात न बोलता शिरते. नाचता न येणाऱ्या, गळा नसलेल्या, देखणे नसलेल्या माणसाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना माजलगावचेच एक उदाहरण बोलके ठरते. येथील पोलीस ठाण्यात महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या एका व्यक्तीने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. अर्ज प्रारंभी नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये राज्य शासनाने परवानगी दिली, शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यक्ती पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिली. देशभरच्या वृत्तवाहिन्यांनी माजलगावचे नाव तेव्हा घेतले. पण त्या अर्जात कोणतीही कला नव्हती आणि टाळ्यांची अपेक्षाही नव्हती. मागणी नोकरी टिकण्याची आणि सेवापुस्तकातल्या नोंदीची होती. दाद मागणे ते हेच. ती मागण्यासाठी माणसाला असामान्य व्हावे लागू नये, ही न्यायाची किमान अट म्हणता येईल.

कायद्यानेही या बाबतीत अर्धीच वाट चालली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंग-ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून काढले. परंतु २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने कुटुंबाची व्याख्या रक्त, विवाह किंवा कायदेशीर दत्तकविधान यांनी जोडलेला समूह अशी केली. व्यक्तीला मान्यता मिळाली. तिला सांभाळणारे घराणे मात्र व्याख्येबाहेर राहिले. बॉलरूमची आई आणि हिजड्यांची गुरू या नात्यांना कायद्यात नाव नाही. येथे कायदा आणि दूरचित्रवाणी यांत एक साम्य दिसते. दोघांनाही एकटी व्यक्ती उचलून घेता येते. तिला घडवणारे नाते त्यांच्या चौकटीत मावत नाही.

परीक्षकाचा प्रश्न म्हणूनच अखेरीस समीक्षेपाशी येऊन पोहोचतो. समीक्षाही गुण देते. बालगंधर्वांना अभिजात आणि नाच्याला ओंगळ ठरवणारी भाषा समीक्षेच्याच कोठारातून आली होती, आणि आज परिघावरील कलेचा गौरव करणारी भाषाही तेथूनच येते. दोन्ही वेळा निवाडा करणारा बाहेरचा आहे. बाहेरच्याने बोलूच नये असा याचा अर्थ घेतला तर समीक्षा संपेल आणि घराणी एकमेकांना मुकी होतील. मात्र परक्याच्या कलेला दाद देणाऱ्याने त्या कलेचे निकष कोणी, कोणत्या भयातून आणि कोणासाठी घडवले हे जाणून घेणे बंधनकारक मानावे, आणि ते भय निर्माण करणाऱ्यांत आपली जागा कोठे आहे याचाही शोध घ्यावा, एवढी मागणी अवाजवी नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात सवाल टाकणाऱ्याला जबाबही ऐकावा लागे; तो ऐकल्याशिवाय उठून जाणे हार मानली जाई. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला ही मर्यादा कोणी घातलेली नाही. ती त्याने स्वतःवर घालून घेतली, तर दाद या शब्दाचे दोन दुरावलेले अर्थ पुन्हा एकमेकांजवळ येऊ शकतील.