‘व्हेरिली’ आणि हमीचा प्रश्न

‘व्हेरिली’ हे इंग्रजीतले जुने क्रियाविशेषण. अर्थ खरोखर, निःसंशय. लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे खरा. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे आलेल्या विशेषणाला प्रत्यय लागून ते तयार झाले, आणि आजचे ‘व्हेरी’ त्याचेच भावंड. रोजच्या बोलण्यातून ते केव्हाच गेले, पण १६११च्या किंग जेम्स बायबलमुळे ओळखीचे राहिले. तिथे ते येशूच्या तोंडी वारंवार येते. योहानाच्या शुभवर्तमानात तर २५ वेळा, दर वेळी जोडीने. मराठी बायबलात त्या जागी ‘खचीत’ आढळते.

मूळ ग्रीक पाठात मात्र तिथे ग्रीक शब्दच नाही. हिब्रू ‘आमेन’ जसाच्या तसा ठेवलेला आहे. त्याच्या धातूत स्थिर असणे, भरवशाचे असणे हा भाव आहे. यहुदी प्रथेत आमेन शेवटी येतो आणि बहुधा दुसऱ्याच्या बोलण्याला दुजोरा म्हणून. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात लेवी एकेक शाप उच्चारतात आणि लोक १२ वेळा आमेन म्हणतात. येशू तोच शब्द आरंभी घेतो, तोही स्वतःच्याच बोलण्याला. संदेष्टे परमेश्वराच्या नावाने बोलत; इथे पुढे फक्त ‘मी सांगतो’ एवढेच येते.

मग ही शपथ झाली काय? डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५) येशू शपथ वाहायलाच मनाई करतो. होय तर होय, नाही तर नाही, एवढे पुरे. गंमत अशी की त्याच अध्यायात हा शब्द दोनदा येऊन गेलेला असतो. भेद बारीक आहे, पण टिकतो. शपथ घेणारा देव, स्वर्ग किंवा स्वतःचे मस्तक अशी कुठली तरी साक्ष ओढून आणतो, म्हणजे आपला शब्द एकटा अपुरा आहे हे कबूल करतो. आमेन म्हणणारा तिसऱ्या कोणाला बोलावत नाही. बोलणाराच तारण राहतो. म्हणून हा शब्द विधानाला पुरावा पुरवत नाही, फक्त ते कोणाच्या अधिकारावर उभे आहे ते दाखवतो. तो अधिकार मान्य नसणाऱ्याला त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

‘व्हेरिली’त हे सारे पुसट होते. ऱ्हाइम्सच्या कॅथलिक भाषांतराने (१५८२) ‘आमेन’ तसाच ठेवला, ते अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. पुढे धर्मग्रंथाचा सूर म्हणून हे क्रियाविशेषण इतरत्रही पसरले. मॅक्स म्युलर यांनी उपनिषदांतल्या ‘वै’साठी आणि अब्दुल्ला युसुफ अली यांनी कुराणातल्या ‘इन्ना’साठी ते योजले. पण ‘इन्ना’ हे अरबी व्याकरणातले नेहमीचे जोर देणारे अव्यय आहे. आणि उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी पत्नी मैत्रेयीला ‘वै’ म्हणतो तेव्हा स्वतःच्या अधिकाराची ग्वाही देत नाही. नवरा कशासाठी प्रिय असतो, धन कशासाठी, असे एकेक पुढे ठेवत तो तिला आत्म्यापर्यंत आणतो, आणि तिथे ऐकणाऱ्याला स्वतः पडताळून पाहायला जागा असते. इंग्रजी वाचकाला मात्र तिन्हीकडे एकच घोषणा ऐकू येते.