थांबायचं कोणासाठी?

घर विकताना सरकार महिने मोजतं, कारण विचारत नाही. 24 महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर नफा दीर्घ मुदतीचा, त्यावर 12.5 टक्के कर. त्याआधी विकलं तर नफा त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवायचा आणि ज्याच्या-त्याच्या दरानं भरायचा. आयकर कायद्याला नवराबायकोचं वेगळं होणं अगदीच ठाऊक नाही असं नाही. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात धरतात, पण वेगळं राहण्याच्या करारातून दिलेलं त्यातून वगळलंय. महिने मोजताना मात्र ही दया नाही.

सुरतेला तापीपलीकडं, अमरोलीच्या पुढं कोसाडला माझ्या भाचीचा फ्लॅट होता, दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा. दीड वर्षात संसार मोडला. विकायचं ठरलं तेव्हा मोठ्यांनी एकच धोशा लावला, "24 महिने होऊ दे गं, टॅक्स बसेल."

बसेल, पण कोणाला? बायांनो, आपण हिशेबाची वही कधी पुरती उघडतच नाही. नफा 8 लाख, वाटणीला चार-चार. जावयाचं उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यातलं: लवकर विकलं तर त्याला 1 लाख 20 हजार, थांबलं तर 50 हजार, वरचा उपकर वेगळा. भाचीचा पगार वर्षाला 5 लाख. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत कर माफ, म्हणून लवकर विकलं तर तिला शून्य. थांबली असती तर 12.5 टक्क्यांच्या नफ्याला ती माफी नाही. दुसरं घर घेतलं नाही तर तिलाही 50 हजार. म्हणजे तिनं थांबायचं ते त्याचे पैसे वाचवायला, वर स्वतःचे घालून! आणि सल्ला देणाऱ्यांत तिची आईही होती.

मग दुसरी वाट निघाली: कागदावर किंमत कमी दाखवा, बाकी रोख घ्या. अचौर्याच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्रानं विरुद्धराज्यातिक्रम सांगितलाय. राज्याचा कर चुकवणं त्यात येतं, हे आपण प्रवचनात ऐकतो आणि दस्ताच्या दिवशी विसरतो. व्रताचं राहू द्या. ती रोकड कोणाच्या पिशवीत पडणार होती? भाचीचा निम्मा हक्क कागदावरच्या रकमेचा. उरलेलं मागायला ती कोणत्या कोर्टात उभी राहणार? आजवर मी हे व्रत सरकारच्या बाजूचं समजत होते. इथं ते एकट्या बाईच्या बाजूनं उभं राहिलेलं दिसलं.

सगळा व्यवहार बँकेतून झाला, 19व्या महिन्यात, दोन खात्यांत. जावई रागावला. त्याचं काहीच चुकलं नाही असं नाही, पण संसार काही त्यानं एकट्यानं मोडला नव्हता, आणि 70 हजार त्याचे जास्त गेले. त्यातला थोडा भार भाचीनं उचलावा का? मी म्हणते, त्यानं सरळ मागितलं तर उचलावा. माझी बहीण म्हणते, संसारात तिनं उचललेलं आधी कोणी मोजलंय का? यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.