राखण

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दोन गोष्टी एकीमागून एक आल्या आहेत आणि आपण त्या बहुधा वेगवेगळ्या करून वाचतो. पहिली शिलोहाच्या बुरुजाची. तो कोसळून अठरा माणसे चिरडली गेली. परंतु त्या माणसांना इतरांहून अधिक पापी ठरवू नका, असे प्रभूने ऐकणाऱ्यांना बजावले. दुसरी गोष्ट अंजिराच्या झाडाची. तीन वर्षे वाट पाहूनही फळ मिळाले नाही म्हणून मालक ते तोडण्यास सांगतो आणि माळी त्याच्याकडून आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. एक गोष्ट कोसळण्याची, दुसरी न तोडण्याची. या दोन गोष्टी शेजारी शेजारी का असाव्यात, हा प्रश्न ओडिशाच्या किनाऱ्यावरील वादळांविषयी वाचताना मला पडला आणि तो अजून सुटलेला नाही. आपणही माझ्याबरोबर त्याचा थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

२९ ऑक्टोबर १९९९ हा शुक्रवार होता. त्या दिवशी ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन महाचक्रीवादळ पारादीप बंदराजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याने छपरे उडविली, नारळीची व सुरूची बने आडवी केली. पण माणसे मारली ती मुख्यतः पाण्याने. पाच ते सहा मीटर उंचीचे समुद्राचे पाणी त्या सपाट त्रिभुज प्रदेशात कित्येक किलोमीटर आत शिरले. सरकारी गणनेप्रमाणे जवळजवळ दहा हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील, आणि त्यातही एरसमा भागातील होती. मेलेल्या गुरांची संख्या लाखांत होती.

त्याच वर्षी जानेवारीत, ओडिशातीलच मनोहरपूर या गावी, ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व तिमथी ही त्यांची दोन मुले यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले होते. नऊ महिन्यांनी वादळ आले तेव्हा या दोन घटनांची सांगड घालण्याचा मोह आपल्यातील काहींना आवरला नाही. देवाने सूड घेतला, असे उघड म्हणणारे थोडे असतील. मनात म्हणणारे त्याहून अधिक होते. शिलोहाचा बुरूज त्या वेळी आपल्या स्मरणात नव्हता. एरसमाच्या कोळ्याने आणि शेतमजुराने मनोहरपूरचे नावही ऐकले नसेल. आणि ज्या बाईंचा पती व मुले गेली, त्या ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले होते. त्यांनी सोडून दिलेला हिशेब आपण दहा हजार गरिबांच्या प्रेतांवर मांडावा, हे कोणत्या शुभवर्तमानात बसते?

परंतु दैवी कोप हे जसे सोपे उत्तर आहे तसेच ‘नैसर्गिक आपत्ती’ हेही सोपेच उत्तर आहे. दोन्हींत माणसाच्या हाताला काही लागत नाही. बुरूज कोसळला म्हणून मेलेल्यांची पापे मोजू नका, असे प्रभूने सांगितले. बुरुजाची डागडुजी कोणाकडे होती हे विचारू नका, असे सांगितलेले नाही. ओडिशाच्या किनाऱ्याला असा एक बुरूज होता. तो खारफुटीचा होता.

सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील चारशेहून अधिक गावांचा अभ्यास करून २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्र आणि गाव यांच्या मधला खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितके त्या गावातील मृत्यू कमी, असे त्यांना आढळले. हा पट्टा १९४४ मध्ये सरासरी पाच किलोमीटरांहून थोडा अधिक होता. वादळाच्या वेळी तो सव्वा किलोमीटरच्या आसपास उरला होता. तो उरलेला पट्टाही नसता, तर किनाऱ्यालगतच्या दर गावामागे आणखी एक ते दोन माणसे दगावली असती, असा त्यांचा हिशेब आहे. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने खारफुटीपेक्षा अधिक जीव वाचविले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. वृक्षप्रेमाच्या भरात आपण ते झाकू नये. तरीही गावामागे एक किंवा दोन ही संख्या लहान म्हणता येईल काय? गावाला विचारा; ते नावे घेऊन सांगेल.

याच किनाऱ्यावर भितरकनिकाजवळच्या तीन गावांची तुलना रुची बडोला आणि एस. ए. हुसेन यांनी २००५ मध्ये मांडली. एका गावापुढे खारफुटी होती, एका गावापुढे काहीच नव्हते आणि तिसऱ्यापुढे समुद्र अडविण्यासाठी घातलेला बांध होता. दर घरामागे सर्वांत कमी नुकसान झाले ते खारफुटीच्या गावात. सर्वांत जास्त झाले ते उघड्या गावात नव्हे, बांधाच्या गावात. खारफुटीच्या गावाच्या चौपटीहून अधिक. बांध फुटून खारे पाणी आत आले आणि त्याच बांधाने ते बाहेर जाऊ दिले नाही. ते शेतात साचून राहिले. जंगल पाण्याला पूर्ण अडवीत नाही. त्याचा जोर मोडते, त्याला वाट देते आणि परत जाऊ देते.

मग हे जंगल तोडले कोणी? येथे बोट दाखविणे वाटते तितके सोपे नाही. काही भाग भातशेतीसाठी गेला. ती शेती करणाऱ्यांत घरदार गमावून आलेले निर्वासितही होते, आणि त्यांना पोट होते. काही बंदरासाठी गेला. काही सरपणासाठी रोज थोडा थोडा गेला. पुढे कोळंबीची तळी आली, आणि त्या तळ्यांतील कोळंबी तेथल्या माणसाच्या ताटात पडत नव्हती. ती बर्फात बसून दूरच्या शहरांत आणि परदेशांत जात होती. तोडणाऱ्याची कुऱ्हाड दिसते, खाणाऱ्याचे ताट दिसत नाही. १९७५ मध्ये भितरकनिका अभयारण्य झाले म्हणून तेथली खारफुटी बरीचशी तगली. एरसमाच्या किनाऱ्याला तसे कोणी वाली नव्हते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तेव्हा त्याला दोन कामे देतो: ती कसावी आणि राखावी. त्यातील राखण्यासाठी मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे, तेच चौथ्या अध्यायात पुन्हा येते. भाऊ कोठे आहे असे देवाने विचारल्यावर काइनाने त्याला सांभाळण्याची जबाबदारी झटकली, तेथे. बाग राखणे आणि भाऊ राखणे यांना शास्त्राने एकच शब्द वापरला आहे. आपण मात्र पहिले काम वनखात्याचे आणि दुसरे समाजसेवा मंडळाचे, अशी वाटणी करून टाकली. एरसमात ही वाटणी पुसली गेली. जेथे बाग राखली गेली नव्हती तेथे भाऊही राखला गेला नाही.

वादळानंतर ओडिशाच्या किनाऱ्यावरील काही गावांनी जंगल पुन्हा उभे करण्यास घेतले. पुरी जिल्ह्यात देवी नदीच्या मुखाजवळ गुंडलबा नावाचे गाव आहे. तेथील स्त्रियांनी एकत्र येऊन सुरूच्या बनाची आणि खारफुटीची राखण पाळीपाळीने स्वतः सुरू केली. अशी पाळी ओडिशाला नवी नाही. तेथल्या अनेक वनगावांत ‘ठेंगापाली’ नावाची रीत आहे. ठेंगा म्हणजे काठी, पाली म्हणजे पाळी. ज्यांची पाळी असेल ते दिवसभर काठी घेऊन जंगलात फिरतात आणि संध्याकाळी ती काठी शेजारच्या दाराशी ठेवतात. सकाळी दार उघडल्यावर काठी दिसली की आज पाळी आपली. निरोप नको, नोंदवही नको.

मला येथे काठीपेक्षा त्या दाराचा विचार करावासा वाटतो. राखणीला निघालेल्या बाईला जंगलात कोण भेटते? चोरट्या लाकडाचा व्यापारी कधीमधी भेटेल. बहुधा भेटते ती तिचीच शेजारीण. डोक्यावर सरपणाचा भारा, घरी चूल थंड. वादळाने तिचेही घर नेलेले आहे आणि नव्या घराला वासे हवे आहेत. तिच्या हातातील कोयता खाली ठेवायला लावायचा. नैतिक प्रश्न खरा उभा राहतो तो येथे: ज्याची चूल पेटत नाही त्याला झाड तोडू नकोस असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

माझ्या मते तो अधिकार त्यालाच आहे ज्याची स्वतःची चूलही त्या नियमाने अडते. काठी घेतलेली बाई उद्या काठीवाचून असेल आणि तिलाही त्याच रानात वाळक्या काटक्यांवर भागवावे लागेल. ती शेजारणीला जे नाकारते ते स्वतःलाही नाकारते. म्हणून तिचे ‘नको’ ऐकले जाते, निदान ऐकले जाऊ शकते. गणवेशातील रखवालदाराचे ‘नको’ वेगळे असते, आणि शहरातून पत्रके वाटायला आलेल्यांचे त्याहून वेगळे. देशाच्या कायद्यालाही हे उशिरा का होईना उमगले; २००६ च्या वनहक्क कायद्याने गावसमाजाला आपले सामूहिक वन राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क मान्य केला. तो हक्क कागदावरून रानात उतरण्यास किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांना ठाऊक.

आणि आपण? आपल्यातील पुष्कळ जण मुंबई, वसई, उत्तन अशा खाडीकाठच्या वस्त्यांत वाढलेले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील खारफुटी तोडण्यास मनाई केली; पण भराव रात्री पडतो आणि सकाळी जमीन झालेली असते. त्या जमिनीवरील घराची जाहिरात आपणही वाचतो, दर विचारतो. गुंडलबाच्या बायकांचे कौतुक करण्यापूर्वी हे एवढे कबूल केलेले बरे.

लावणे आणि राखणे यांत आपण लावण्याला फार महत्त्व देतो. पाच जूनच्या जवळचा रविवार आला की मंडळीच्या आवारात खड्डा, रोप, पाहुणे आणि छायाचित्र असा कार्यक्रम होतो. बहुधा खड्डा गेल्या वर्षीचाच असतो. खारफुटीला बऱ्याच ठिकाणी लावणाऱ्याची फारशी गरजच नसते. तिवर मोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते. कांदळाचे जुने खोड तसे फुटत नाही. पण त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे होऊन खाली पडते, भरतीबरोबर तरंगत जाते आणि चिखल मिळाला की उभे राहते. भरती-ओहोटीची वाट मोकळी असावी, गुरे व म्हशी आत शिरू नयेत आणि कोवळी झाडे कोणी तोडू नयेत, इतके झाले तर जंगल स्वतःहून परत येऊ लागते. इतके होण्यासाठी मात्र कोणीतरी वर्षानुवर्षे तेथे असावे लागते. लावणे ही एका सकाळची गोष्ट आहे. राखण्याचे छायाचित्र निघत नाही, कारण त्या दिवशी घडलेले काहीच दाखविता येत नाही; झाड जेथे काल होते तेथेच आज असते.

३ मे २०१९ रोजी ‘फनी’ नावाचे चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आले. या वेळी बारा लाखांहून अधिक माणसे आधीच सुरक्षित जागी हलविली होती. ओडिशात दगावलेल्यांची संख्या शंभराच्या आत राहिली. १९९९ ची आठवण असलेल्याला हा चमत्कारच वाटावा, आणि तो इशारे, निवारे व हजारो कार्यकर्ते यांनी मिळून घडविला होता. झाडांना मात्र हलविता येत नाही. पुरी आणि कोणार्क यांच्यामधील बालूखंड अभयारण्यात सुरूची बने मैलोन्‌मैल आडवी झाली. किनाऱ्यावर वीस वर्षे वाढलेले एका सकाळी गेले.

त्या सकाळी राखणदारणीला काय वाटले असेल? इतक्या वर्षांत तिने शेजारणीशी भांडणे घेतली, उन्हात फिरली, घरची चूल काटक्यांवर रेटली, आणि जे कोयत्यापासून वाचविले ते वाऱ्याने नेले. तिचे कष्ट फुकट गेले काय? पडलेल्या प्रत्येक झाडाने आपल्या मागच्या घरापर्यंत पोहोचणारा वारा थोडा तरी झेलला असेल, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. दुःख झाडाचे होते. ते उपयोगाच्या हिशेबाने फिटत नाही. एकाच जातीची, झटपट वाढणारी झाडे रांगेत लावली की ती रांगेत पडतात, तेव्हा पुढच्या वेळी करंज, उंडी, केवडा अशी मिसळ असावी, हा धडाही योग्यच. पण त्या सकाळी तो तिला सांगायला जाणाऱ्याने आधी थोडा वेळ तिच्याजवळ गप्प बसावे.

म्हणून मी पुन्हा त्या अंजिराकडे येतो. बुरुजाच्या गोष्टीनंतर प्रभू लगेच माळ्याची गोष्ट सांगतो, हे मला आता तितकेसे विचित्र वाटत नाही. माळी मालकाशी झाडाच्या गुणांविषयी वाद घालीत नाही. झाड फळ देईलच अशी हमीही तो देत नाही. तो फक्त एक वर्ष मागतो आणि त्या वर्षात आपण काय करू ते सांगतो: भोवती खणीन, खत घालीन. मालक काय म्हणाला, हे शुभवर्तमानात नाही. पुढच्या वर्षी अंजीर धरले की नाही, तेही नाही. गोष्ट माळ्याच्या बोलण्यावर संपते, आणि त्याच्या हातात अजून कुदळ आहे.