उघडं दार

"मास्तर, तुमचा येशू सांगून गेलाय ना, जगभर जा आन् सांगा? मग वीस वर्षं शेजारी राहून मला कधी काही सांगितलं नाही ते?"

पवनानगरच्या बाजारातून आम्ही घराकडे निघालो होतो. अण्णा माळकरी, वारी न चुकवणारे. मी नगरकडचा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. म्हणालो, "तुम्हाला कमी काय आहे, अण्णा?"

"म्हंजे ज्याला कमी आहे त्यालाच सांगायचं?"

इथं मी अडकलो, आणि ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचा दाखला काढला. विधवा मुलींसाठीचं त्यांचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथं धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. पण बाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, आणि मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. "बोलावलं कुणालाच नव्हतं, अण्णा. आपल्या देवाचं नाव काय कडी लावून घ्यायचं?"

"उघडं ठेवा की. पण त्या विधवा पोरीला दुसरं दार होतं का? सासरचं बंद, माहेरचं बंद. भाकरी मिळते तिथलं तेवढं उघडं. त्यातनं ती आत गेली, ती मर्जीनं गेली का, हे कुणी ठरवायचं?"

"बाईंना भूक ठाऊक होती. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनी आणल्या, केडगावला सांभाळल्या. तेव्हा त्या मुलींना विचारायला दुसरं कोण गेलं होतं?"

"कुणी नाही. ती आमची लाज. पण आमची लाज म्हंजे तुमचा हक्क नव्हं."

हे मला लागलं. तरी म्हणालो, "ज्या श्रद्धेनं बाईंना त्या दुष्काळात नेलं, ती ताटातून बाजूला कशी काढायची? भुकेल्याला वाढलं की ते ख्रिस्तालाच पोचतं, असं आम्ही मानतो."

"मग त्याला पोचलं ना? पोरीला त्याचं नाव सांगायची घाई कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. आणि तरीही ज्याच्यावर जीव आहे त्याचं नाव गिळून जगणं मला खरेपणाचं वाटत नाही.

बराच वेळ आम्ही नुसते चाललो. मग अण्णा एकदम म्हणाले, "वाईटाला दयेनं जिंकायचं म्हणता. ९ ऑगस्ट २०११ला मी बऊरला होतो. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातनं नेऊ नका म्हणत हायवेवर. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, क्षमा त्यांनी करायची का नाही ते त्यांचं. मी परस्पर करणारा कोण? त्या रात्री कुणी मला क्षमेचं बोललं असतं, तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं."

"मी आलो होतो त्या रात्री."

"आला होता. भाकरी घेऊन. बसून राहिला, एक शब्द बोलला नाही."

"मनात प्रार्थना करत होतो." हे मी त्यांना आज पहिल्यांदा सांगितलं.

अण्णा थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग मोठ्यानं का नाही केली?"